टॉम विल्सला ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा 'जनक' म्हणावे का?

धागाकर्ता: सांजवारा

10 जुलै 1858 रोजी मेलबर्नच्या 'बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया' या क्रीडासाप्ताहिकात एक पत्र छापून आले. क्रिकेटचा हंगाम संपला आहे, खेळाडू कोशात शिरल्यासारखे सुस्त होऊ लागले आहेत, तेव्हा त्यांनी हिवाळ्यात अंग आखडू न देता एक फुटबॉल क्लब काढावा आणि तीन किंवा अधिक सदस्यांची समिती नेमून खेळाचे नियम लिहून काढावेत, असा त्या पत्राचा आशय होता. फुटबॉल जमणार नसेल तर निदान नेमबाजीचा क्लब तरी काढा, असेही पत्रलेखकाने सुचवले होते. या खेळामुळे मैदानाची हिरवळ तुडवली जाऊन घट्ट होईल, हा त्याचा आणखी एक युक्तिवाद होता. पत्राखाली सही होती टी. डब्ल्यू. विल्स यांची. त्या वेळी तो तेवीस वर्षांचाही नव्हता, पण व्हिक्टोरिया वसाहतीतला सर्वांत नावाजलेला क्रिकेटपटू होता आणि त्याचा शब्द मैदानावर चालत असे.

आज ज्याला ऑस्ट्रेलियन रूल्स किंवा नुसते 'फूटी' म्हणतात, त्या खेळाची लिखित सुरुवात या पत्रापासून मोजण्याची प्रथा आहे. आपल्याकडे या खेळाविषयी फारसे लिहिले जात नाही, म्हणून आधी एवढे सांगतो की हा खेळ अंडाकृती चेंडूने, क्रिकेटच्या लंबवर्तुळाकार मैदानावर, प्रत्येकी अठरा खेळाडूंच्या दोन संघांत खेळला जातो. चेंडू हातात घेऊन पळता येते, मात्र ठरावीक अंतरावर तो जमिनीवर टप्पा पाडून पुन्हा घ्यावा लागतो. लाथेने उंच आलेला चेंडू हवेत झेपावून झेलला की त्या खेळाडूला निर्वेध लाथ मारण्याची संधी मिळते, आणि या झेलाला 'मार्क' म्हणतात. ऑफसाइड, म्हणजे चेंडूच्या पुढे उभे राहण्यावरची बंदी, हा प्रकारच या खेळात नाही.

विल्सचे पूर्ण नाव टॉमस वेंटवर्थ विल्स. जन्म 19 ऑगस्ट 1835, न्यू साउथ वेल्स वसाहतीत. आजोबा एडवर्ड विल्स वाटमारीच्या गुन्ह्यात फाशीची शिक्षा होऊन, पुढे ती सौम्य होऊन, ऑस्ट्रेलियात हद्दपार झालेले कैदी होते. वडील होरेशिओ यांनी आधी सिडनीत वृत्तपत्र चालवले, मग मेंढ्यांचे कळप घेऊन दक्षिणेकडे निघाले आणि ग्रॅम्पियन्स डोंगररांगेच्या परिसरात 'लेक्सिंग्टन' नावाचा मोठा मेंढीवाडा उभारला. वाटेत एका टेकडीवर मुक्काम झाला, तेव्हा नोहाची नौका जिथे टेकली त्या पर्वताची आठवण होऊन त्यांनी तिला 'अरारात' असे नाव दिले, आणि पुढे जवळच्या गावालाही तेच नाव मिळाले. कैद्याचा मुलगा पुढे वसाहतीच्या विधिमंडळाचा सदस्य झाला, यावरून त्या काळच्या समाजाची उलथापालथ लक्षात यावी.

लेक्सिंग्टनच्या आसपास जाब वुरुंग या आदिवासी समूहाचा मुलूख होता. छोट्या टॉमला गोरे सवंगडी जवळपास नव्हतेच, त्यामुळे तो या समूहाच्या मुलांबरोबर वाढला, त्यांची भाषा बोलू लागला, त्यांची गाणी आणि नाच शिकला, अशी नोंद त्याच्या कुटुंबीयांनी करून ठेवली आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण या धाग्यातला सगळा वाद शेवटी इथेच येऊन थांबणार आहे.

1850 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, वडिलांनी त्याला इंग्लंडला रग्बी स्कूलमध्ये धाडले. मुलाने वकील व्हावे ही वडिलांची इच्छा होती, मुलाने अभ्यासाकडे फारसे लक्ष दिले नाही. तो शाळेच्या क्रिकेट संघाचा कर्णधार झाला आणि तिथल्या फुटबॉलमध्येही नाव कमावून बसला. त्या फुटबॉलमध्ये एकेका बाजूला शेकडो मुले उतरत आणि प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर बुटाने लाथा हाणणे हा खेळाचा मान्य भाग होता. पुढे केंट परगणा आणि लंडनचा मेरिलबोन क्रिकेट क्लब (एमसीसी) यांच्याकडूनही तो क्रिकेट खेळला. केंब्रिज विद्यापीठाचा तो रीतसर विद्यार्थी नसतानाही 1856 च्या ऑक्सफर्डविरुद्धच्या सामन्यात त्याला केंब्रिजकडून खेळवले गेले. डिसेंबर 1856 मध्ये तो मेलबर्नला परतला आणि काही महिन्यांतच व्हिक्टोरियाच्या क्रिकेटचा आधारस्तंभ बनला. तो मेलबर्न क्रिकेट क्लबचा मानद सचिवही झाला. मात्र त्याने दप्तर ज्या अवस्थेत सोडले ते पाहून क्लबचे सदस्य हैराण झाले, असे सांगतात. कागदपत्रे आणि विल्स यांचे सूत कधीच जमले नाही.

पत्रानंतर तीनच आठवड्यांनी क्रिकेट मैदानाजवळच्या मोकळ्या जागेत एक हौशी सामना झाला. त्यानंतर 7 ऑगस्ट 1858 रोजी स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या दोन शाळांमध्ये सामना सुरू झाला. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस खेळाडू होते, गोलखांब एकमेकांपासून सुमारे अर्धा मैल दूर होते, आणि सामना त्या दिवशी संपला नाही म्हणून 21 ऑगस्ट आणि 4 सप्टेंबर रोजी पुढे खेळवला गेला. तरीही दोन्ही बाजूंचा एकेकच गोल झाला. या सामन्याचे पंच होते विल्स आणि जॉन मॅकडम. हे मॅकडम पेशाने रसायनशास्त्रज्ञ होते, आणि आज डब्यांतून मिळणाऱ्या महागड्या मॅकडेमिया बियांना त्यांचेच नाव दिलेले आहे.

14 मे 1859 रोजी मेलबर्न फुटबॉल क्लबची स्थापना झाली आणि 17 मे रोजी, क्रिकेट मैदानाजवळ जेरी ब्रायंट चालवत असलेल्या परेड हॉटेलात, खेळाचे दहा नियम लिहिले गेले. विल्सबरोबर त्या बैठकीत विल्यम हॅमर्स्ली आणि जे. बी. थॉम्प्सन हे दोन पत्रकार होते, आणि टॉमस स्मिथ हे स्कॉच कॉलेजचे आयरिश शिक्षक होते.

इथवरची गोष्ट एखाद्या संस्थापकाला शोभेल अशीच आहे. पुढची तशी नाही. 1861 मध्ये वडिलांनी क्वीन्सलंडच्या अंतर्भागात नवी जमीन घेतली आणि टॉमला फुटबॉल सोडून त्यांच्याबरोबर जावे लागले. 17 ऑक्टोबर 1861 रोजी स्प्रिंगशुअरजवळच्या कलिन-ला-रिंगो येथील त्यांच्या तळावर गायिरी आदिवासींनी हल्ला केला आणि होरेशिओंसह एकोणीस वसाहतदार मारले गेले. टॉम सामान आणायला गेला होता म्हणून वाचला. 1864 मध्ये तो व्हिक्टोरियात परतला, पुन्हा क्रिकेट खेळला, जीलाँगच्या संघातून फुटबॉल खेळला आणि 1866 मध्ये आदिवासी खेळाडूंच्या क्रिकेट संघाचा प्रशिक्षक आणि कर्णधार झाला. पण दारू वाढत गेली. 1872 मध्ये पंचाने त्याचा चेंडू फेकी ठरवला, आणि मोठ्या दर्जाच्या ऑस्ट्रेलियन सामन्यात असा शिक्का बसलेला तो पहिला गोलंदाज समजला जातो. 2 मे 1880 रोजी मेलबर्नजवळच्या हायडलबर्ग येथे, दारू एकाएकी तुटल्याने झालेल्या भ्रमिष्ट अवस्थेत, त्याने स्वतःचा जीव घेतला. तो चव्वेचाळीस वर्षांचा होता. त्याच्या कबरीवर शतकभर साधा दगडही नव्हता. 1980 मध्ये मेलबर्न क्रिकेट क्लबने तो बसवला आणि त्यावर 'ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा संस्थापक' असे कोरले.

माझे मत असे की 'जनक' ही पदवी विल्सला सैल होते आणि घट्टही होते. खेळ एकट्याने घडवला नाही म्हणून ती सैल होते, आणि त्याच्या आयुष्यातला निम्मा भाग तीत मावतच नाही म्हणून घट्ट होते. सदस्यांचे काय मत आहे?


हिरवळ

लेख आवडला. परंतु एक शंका आहे. विल्स रग्बी स्कूलमध्ये शिकलेला होता, रग्बीचाच फुटबॉल खेळून आलेला होता, मग मेलबर्नमध्ये त्याने रग्बीचेच नियम का आणले नाहीत? आणि त्या दहा नियमांत नेमके होते तरी काय? 'जनक' कोण हे ठरवण्यापूर्वी अपत्याचा चेहरा पाहिला पाहिजे.


सांजवारा

आपण योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. हॅमर्स्ली यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींनुसार बैठकीत विल्सने रग्बीचे नियम सुचवले, परंतु ते त्याच्याशिवाय कोणालाच समजले नाहीत. दुसरीकडे विल्सचा आतेभाऊ हेन्री हॅरिसन याच्या आठवणींत विल्सच रग्बीला विरोध करतो. पोटापाण्याचा उद्योग करणाऱ्या प्रौढ माणसांना तो धसमुसळा खेळ परवडणार नाही, तेव्हा आपण स्वतःचाच खेळ घडवू, असे त्याने म्हटल्याचे हॅरिसन सांगतो. दोन्ही आठवणी घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिल्या गेल्या आहेत आणि दोन्ही लेखकांना आपापले श्रेय जपायचे होते, तेव्हा त्यांच्याकडे तेवढ्याच सावधपणे पाहावे.

नियमांचा सारांश असा आहे. दोन गोलांमधले आणि गोलखांबांमधले अंतर कर्णधारांनी ठरवावे. नाणेफेक हरणाऱ्या बाजूने मध्यबिंदूवरून खेळ सुरू करावा. चेंडू खांबांना किंवा कोणत्याही खेळाडूला न लागता दोन खांबांमधून लाथेने गेला तरच गोल धरावा. खेळाची रुंदी दोनशे यार्डांपेक्षा अधिक नसावी. लाथेने आलेला चेंडू थेट झेलणाऱ्याने 'मार्क' असे पुकारावे आणि त्याला निर्वेध लाथ मिळावी. पाय अडकवून पाडणे आणि ढकलणे चालेल, पण नडगीवर लाथा मारणे चालणार नाही. चेंडू जमिनीवरून उचलायचा नाही; लाथेवरून झेलला किंवा टप्पा घेऊन उडाला तरच हातात घ्यायचा. सीमेबाहेर गेलेला चेंडू जिथून बाहेर गेला तिथून काटकोनात आत फेकायचा. आणि खेळात असलेला चेंडू कोणत्याही परिस्थितीत हाताने फेकायचा नाही.

या यादीत जे नाही ते अधिक महत्त्वाचे आहे, असे मला वाटते. रग्बीतला ऑफसाइड नाही. चेंडूच्या पुढे उभे राहता येते म्हटल्यावर मैदानभर खेळाडू पसरवता येतात, आणि कर्णधाराला क्रिकेटच्या क्षेत्ररचनेसारखा विचार करता येतो. विल्सची क्रिकेटमधली ख्याती धूर्त कर्णधार म्हणूनच होती. खेळाडूंना ठरावीक जागा नेमून देण्याची पद्धत रुजवणाऱ्यांत त्याचे नाव घेतले जाते, ते याच कारणाने. माझ्या दृष्टीने त्याचे खरे फुटबॉलमधले कर्तृत्व तिथे आहे, त्या कागदावर नाही.


मुरमाड

एक दुरुस्तीवजा भर घालतो. चेंडू घेऊन पळताना दर पाच-सहा यार्डांवर टप्पा पाडण्याची अट 1866 च्या नियमांत आली, आणि त्या सुधारणेच्या बैठकीचे अध्यक्षपद हॅरिसन यांच्याकडे होते. आज हा खेळ पाहणाऱ्याला जी गोष्ट सर्वांत आधी वेगळी दिसते, ती म्हणजे तो टप्पा, 1859 च्या दहा नियमांत नाहीच. पहिल्या नियमांनंतर दोनच वर्षांनी विल्स क्वीन्सलंडला गेला होता, आणि खेळ स्थिरावत असताना तो तिथे नव्हता. हॅरिसन मात्र 1929 पर्यंत जगले, संघटनेत राहिले, सन्मानाची पदे भूषवली, आत्मचरित्र लिहिले आणि त्यांच्या हयातीत 'फुटबॉलचे जनक' ही पदवी त्यांनाच लावली जात होती. जो टिकतो तो इतिहास लिहितो, याचे याहून चांगले उदाहरण क्रीडाक्षेत्रात शोधावे लागेल. घरच्या घरातलाच हा मामला होता, कारण हॅरिसन यांचा विवाह विल्सच्या बहिणीशी झाला होता.


दगडफूल

मूळ लेखातला कलिन-ला-रिंगोचा परिच्छेद मला फार आखूड वाटला. 'आदिवासींनी हल्ला केला आणि एकोणीस वसाहतदार मारले गेले' इतकेच सांगितले की वाचकाच्या मनात हल्लेखोर आणि बळी यांचे चित्र एका बाजूने पक्के होते. म्हणून मागचे आणि पुढचे सांगणे आवश्यक आहे.

मागचे असे. त्या प्रदेशात विल्स कुटुंब पोहोचण्याच्या आधीच वसाहतदार आणि गायिरी यांच्यात वैर पेटले होते. शेजारच्या रेनवर्थ येथील जेसी ग्रेगसन या वसाहतदाराने मेंढ्या चोरल्याच्या संशयावरून गायिरींवर गोळीबार केला होता, आणि कलिन-ला-रिंगोवरचा हल्ला त्याचा सूड होता, असे मानण्यास भक्कम आधार आहे. विल्स कुटुंबातही हीच समजूत होती. म्हणजे होरेशिओंना दुसऱ्याच्या करणीची किंमत मोजावी लागली.

पुढचे असे. या घटनेनंतर वसाहतदारांच्या टोळ्यांनी आणि क्वीन्सलंडच्या देशी पोलिसांनी (गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या आदिवासी शिपायांच्या दलाने) आसपासच्या मुलखात जे शिरकाण केले, त्यात किती आदिवासी मारले गेले याचे अंदाज वेगवेगळे असले तरी सर्वांत मोठा अंदाज तीनशे सत्तरपर्यंत जातो. एकोणीस मृतांची नावे सापडतात. त्या शेकडोंची सापडत नाहीत.

टॉम विल्स या सूडात सहभागी होता का, हा प्रश्न आता टाळता येत नाही. त्याने त्या काळात नातेवाइकांना लिहिलेल्या पत्रांत सूडाची भाषा आहे, माणसे पाठवण्याची मागणी आहे. तरीही त्याने स्वतः गोळ्या झाडल्या असा पुरावा नाही, असे बरीच वर्षे समजले जात होते. 2021 मध्ये शिकागोच्या एका वृत्तपत्रातला 1895 चा लेख उजेडात आला आणि त्यात विल्सने स्वतः अशा हत्यांमध्ये भाग घेतल्याचे कोणाच्या तरी तोंडून वदवले आहे. हा लेख घटनेनंतर तीस-पस्तीस वर्षांनी, दुसऱ्या खंडात, ऐकीव माहितीवर छापला गेला, म्हणून त्याच्या विश्वासार्हतेवर संशोधकांत मतभेद आहेत. पण तो लेख बाजूला सारून 'आदिवासींचा मित्र' असे चित्र रंगवणे आता शक्य नाही, हे मात्र खरे.


सांजवारा

आपली तक्रार मान्य आहे आणि भर मोलाची आहे. त्यावर एकच जोडतो. ज्या माणसाच्या वडिलांना आदिवासींनी मारले, त्याच माणसाने पाच वर्षांनी आदिवासी खेळाडूंचा संघ उभा करून त्याचे नेतृत्व केले, हा पेच कोणत्याही एका उत्तराने सुटत नाही. विल्सच्या आयुष्यावर दीर्घ काळ काम केलेल्या एका मानसोपचारतज्ज्ञ संशोधकाला त्याच्या पुढच्या आयुष्यातल्या झोपेच्या तक्रारींत, अस्वस्थतेत आणि दारूत त्या हत्याकांडाचा आघात दिसतो. ते मला पटते. पण आघात झालेला माणूस निष्पापच असतो असे नाही, आणि विल्सच्या बाबतीत तर दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असण्याची शक्यताच मला अधिक वाटते.


यारातीर

मी बरीच वर्षे मेलबर्नला राहतो, त्यामुळे इथे हा विषय कसा बोलला जातो ते सांगू शकतो. इथल्या सामान्य प्रेक्षकाला विल्सविषयी विचारले तर तो बहुतेक वेळा 'मार्नग्रूक'चा उल्लेख करतो. मार्नग्रूक म्हणजे व्हिक्टोरियाच्या आदिवासी समूहांचा चेंडूचा खेळ. पॉसम नावाच्या प्राण्याच्या कातड्यात भरीव सामान भरून चेंडू बनवायचा, तो पायाने उंच उडवायचा आणि इतरांनी झेपावून झेलायचा, असे त्याचे स्वरूप एकोणिसाव्या शतकातल्या गोऱ्या निरीक्षकांनी नोंदवले आहे. 1857 मध्ये विल्यम ब्लांडोव्स्की यांच्या मरे नदीकाठच्या मोहिमेत केलेल्या टिपणांवरून नंतर तयार केलेल्या एका कोरीव चित्रात आदिवासी मुले चेंडू लाथाडताना दिसतात. आजच्या उंच 'मार्क'शी त्याचे साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे.

जाब वुरुंगांमध्ये वाढलेल्या विल्सने हा खेळ पाहिला असणार, कदाचित खेळलाही असणार, आणि पुढे आपल्या फुटबॉलमध्ये तो उतरवला असणार, अशी मांडणी अनेक जण करतात. 2019 मध्ये, आदिवासी फुटबॉलपटू अ‍ॅडम गुड्स याच्याशी झालेल्या वर्णद्वेषी वर्तनाबद्दल माफी मागताना, ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगने आदिवासी खेळांचा प्रभाव स्पष्ट शब्दांत मान्य केला. त्यामुळे अधिकृत पातळीवर तरी हा प्रश्न मिटला आहे, असे मी समजतो.


मुरमाड

यारातीर यांच्याशी मी इथे असहमत आहे. संस्थेने मान्य केले म्हणून ऐतिहासिक प्रश्न मिटत नाही. संस्थेचे निवेदन हे नैतिक विधान आहे आणि त्या अर्थाने मी त्याचे स्वागतच करतो, परंतु पुरावा वेगळी गोष्ट आहे.

पुराव्याच्या बाजूने पाहिले तर विल्सच्या उपलब्ध पत्रांत मार्नग्रूकचा उल्लेख नाही. 1859 च्या बैठकीत ज्या शाळांच्या आणि विद्यापीठांच्या नियमांचा विचार झाला ते सगळे इंग्लंडमधले होते. झेल घेऊन निर्वेध लाथ मिळवण्याचा प्रकार रग्बीतही होता. आणि दुसऱ्याच्या खांद्यावर चढून घेतलेला जो थरारक झेल आज खेळाची ओळख बनला आहे, तो 1859 मध्ये नव्हता. तो काही दशकांनी, खेळाचा वेग आणि लाथेचे तंत्र बदलल्यावर आला. मार्नग्रूकवरून तो आला म्हणायचे तर मधल्या काळात तो कुठे दडून बसला होता, हे सांगावे लागेल. 2008 मध्ये खेळाच्या दीडशे वर्षांनिमित्त लीगने काढलेल्या अधिकृत इतिहासग्रंथात एका इतिहासलेखिकेने मार्नग्रूकच्या कल्पनेला मोहक मिथक ठरवले, तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. शब्द कठोर होता, युक्तिवाद मात्र कच्चा नव्हता.


दगडफूल

मुरमाड यांचा युक्तिवाद लिखित कागदापुरता बरोबर आहे. पण त्या काळात कागद कोण लिहीत होते? विल्सने एखादी गोष्ट लहानपणी शिकली आणि ती पत्रात लिहिली नाही, म्हणून ती घडली नाही असा निष्कर्ष निघत नाही. शिवाय 1858 च्या मेलबर्नमध्ये कोणता तरुण आपल्या क्लबमधल्या मित्रांना सांगेल की हा डाव मी आदिवासी मुलांकडून घेतला आहे? सांगण्याची सोयच नव्हती. पुरावा नाही एवढे म्हणा. प्रभाव नव्हता असे म्हणू नका.


मुरमाड

एवढ्यावर मी सही करायला तयार आहे. माझा आक्षेप खात्रीने बोलण्यालाच होता, मग ती खात्री कोणत्याही बाजूची असो.


हिरवळ

एका गोष्टीचे आश्चर्य वाटते की सगळा वाद एका खेळाभोवती फिरतो आहे, ज्यातला आदिवासी सहभाग अनुमानाने सिद्ध करावा लागतो. पण ज्या खेळातला सहभाग नावानिशी, धावांनिशी नोंदवलेला आहे, त्या क्रिकेटचा उल्लेख मूळ लेखात एका ओळीत उरकला आहे. 1866 च्या संघाविषयी कोणी सविस्तर लिहील का?


यारातीर

मी लिहितो, कारण हा भाग आपल्याशी थेट जोडलेला आहे.

पश्चिम व्हिक्टोरियातल्या हॅरो आणि एडनहोप परिसरातल्या मेंढीवाड्यांवर काम करणाऱ्या आदिवासी तरुणांनी क्रिकेट उचलले होते आणि तिथल्या गोऱ्या संघांना ते हरवू लागले होते. विल्यम हेमन या स्थानिक वसाहतदाराने त्यांचा संघ मेलबर्नला नेण्याचे ठरवले आणि प्रशिक्षक म्हणून विल्सला बोलावले. 1866 च्या नोव्हेंबरात विल्स एडनहोपला गेला. त्याच वर्षीच्या 26 डिसेंबरला, म्हणजे बॉक्सिंग डेला, हा संघ मेलबर्न क्रिकेट मैदानावर मेलबर्न क्रिकेट क्लबविरुद्ध उतरला. मैदानावर सुमारे दहा हजार लोक जमले होते. आदिवासी संघ नऊ गड्यांनी हरला, तरी जॉनी मुल्ला आणि जॉनी कझन्स या दोघांच्या खेळाचे कौतुक झाले. मुल्लाचे मूळ नाव उनारिमिन असे सांगितले जाते. ज्या मेंढीवाड्यावर तो काम करी त्याचे नाव त्याला चिकटले.

पुढे सिडनीचा दौरा झाला. दौऱ्याच्या प्रवर्तकाने पैसे हडप केले, संघ उघड्यावर पडला आणि दौरा कोलमडला. 1868 मध्ये या खेळाडूंपैकी काहींना घेऊन जो संघ इंग्लंडला गेला, तो परदेश दौरा करणारा पहिला ऑस्ट्रेलियन क्रिकेट संघ होता. त्याने सत्तेचाळीस सामने खेळले. चौदा जिंकले, चौदा हरले आणि एकोणीस अनिर्णित राहिले. त्या संघाचा कर्णधार चार्ल्स लॉरेन्स होता. विल्सला त्यात स्थान नव्हते. ज्याने हा संघ घडवला त्याला वगळून तो जगासमोर गेला, आणि विल्सच्या आयुष्यात हे दुसऱ्यांदा घडले. पहिल्यांदा ते फुटबॉलच्या बाबतीत झाले होते.

आता आपल्याशी असलेला धागा सांगतो. 2020 पासून मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीतल्या सर्वोत्तम खेळाडूला 'मुल्ला पदक' दिले जाते. पहिल्याच वर्षी, अ‍ॅडलेडला 36 धावांत गारद झाल्यानंतरच्या कसोटीत, हंगामी कर्णधार अजिंक्य रहाणेने 112 धावा केल्या, भारताने सामना आठ गड्यांनी जिंकला आणि पहिले मुल्ला पदक त्याच्या गळ्यात पडले. त्या पदकाची घडण 1868 च्या संघाच्या कमरपट्ट्याच्या बकलवरून घेतली आहे. संगमनेर तालुक्यात मूळ असलेल्या आणि डोंबिवलीत वाढलेल्या मुलाने ज्या मैदानावर ते घेतले, त्याच मैदानावर विल्स मुल्लाला घेऊन उतरला होता. आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी पदकाचा फोटो छापला, पण मुल्ला कोण हे फार थोड्यांनी सांगितले.


हिरवळ

मनःपूर्वक आभार. रहाणेच्या पदकाचा हा संदर्भ मला अजिबात ठाऊक नव्हता. आता एक शेवटची शंका. 1859 च्या त्या दहा नियमांपैकी आजच्या खेळात किती शिल्लक आहेत?


सांजवारा

शब्दशः पाहिले तर फार थोडे. कर्णधारांनी अंतर ठरवण्याची पद्धत गेली, चेंडू जमिनीवरून न उचलण्याची अट गेली, पाय अडकवून पाडण्याची मुभा गेली. 1897 पासून गोलाला सहा गुण आणि बाजूच्या खांबांमधून गेलेल्या चेंडूला एक गुण, अशी मोजणी आहे; पहिल्या नियमांत फक्त गोल होता. ऑफसाइडचा अभाव मात्र आजही तसाच आहे. मार्क कायम आहे, फक्त आता तो पुकारावा लागत नाही. पंच शिट्टी वाजवतो. आणि दहावा नियम, चेंडू हाताने फेकायचा नाही, हा दीडशेहून अधिक वर्षे टिकला आहे. म्हणूनच आजचा खेळाडू सहकाऱ्याला चेंडू देताना तो एका हातावर ठेवतो आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसतो. मेलबर्नच्या सामन्यांची ध्वनिचित्रफीत पाहताना ही मूठ नीट न्याहाळावी, कारण ती उघडून चेंडू फेकला गेल्याचा संशय आला तरी पंच विरुद्ध बाजूला निर्वेध लाथ बहाल करतो आणि प्रेक्षक त्याच्यावर तुटून पडतात.